चक्कर मारून ये, मग नट कसतो

मी अन् माझी बायको वच्छला, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एका पोरीच्या सायकलची सीट लावायचं. मोठं काम नव्हतं. दुपार कलली होती, चहा व्हायचा होता. पोरगी, प्रणाली तिचं नाव, सायकल दुकानात ठेवून मावशीकडे गेली होती. सीटचं माप घ्यायला सीटवर बसणारं माणूस पाहिजे, ते नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, उद्या पाहू.

"थांबा जी," वच्छला म्हणाली. "मलेच बसू द्या. त्या पोट्टीची टांग माझ्याएवढीच आहे."

तिनं साडीचा काठ कमरेला खोचला, दुकानासमोरच्या कडुलिंबाला एक हात टेकला, अन् साठी उलटलेली ती बाई सायकलवर चढून बसली. मी मागून कॅरिअर धरलं. तिनं टाच पायडलवर ठेवून पाय पार खाली नेला.

"गुडघा?" मी विचारलं.

"वाकून राह्यला अजून. अर्धं बोट वरतं घ्या."

उतरली. मी सीट अर्धं बोट वर घेतली. ती पुन्हा चढली. पुन्हा टाच, पुन्हा पाय खाली.

"आता?"

"आता सरळ झाला. इथंच ठेवा."

सीटच्या दांड्यावर मी खिळ्यानं बारीक रेघ ओढली अन् नट नुसता हातानं फिरवून ठेवला. पाना लावला नाही. आमच्या दुकानाचा तो नियम आहे. ज्याची सायकल त्यानं एक चक्कर मारून यायची, मगच नट कसायचा.

मग चहा झाला. मी कप उचलायला गेलो तर ती खेकसली, "हात! आधी हात धुवा. कपाची दांडी काळी झाली तं उद्यापासून करवंटीत भेटन चहा." मी हात धुतले. चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

ते शेवटी सांगतो. मला धंद्याचे अनुभव लिहायला सांगितले आहेत, तर आधी धंद्याचं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. वाचणाऱ्यांनी चुका पोटात घालाव्या.

आमच्या मूल गावात राईस मिलच्या रस्त्याला माझं टिनाचं दुकान आहे. मागं घर, पुढं दुकान. मला देवाजीभाऊ म्हणतात. चाळीस वर्षांच्या वर झालं, मी सायकली दुरुस्त करतो. आता सायकली कमी झाल्या, फटफट्या वाढल्या. मीही थकलो. दुकान उघडतो, कारण घरात बसवत नाही.

इतक्या वर्षांत माझ्याकडं आलेल्या गिऱ्हाइकांपैकी अर्ध्यांचं बोलणं एकच होतं. "भाऊ, सायकल भलती जड चालून राह्यली. नवी घ्या लागते काय?" मी म्हणायचो, "सायकल जड नाही, तू जड बसला आहे." लोकांना राग यायचा. पण खरं तेच. चाकात हवा कमी असते, नाहीतर ब्रेकचं रबर रिंगला घासत असते. हे दोन पाहून झालं की सायकलचं काम संपलं. पुढचं सगळं बसणाऱ्याचं. सीट किती उंच, किती पुढं, पाय पायडलवर कसा ठेवतो, हात कसे धरतो. एवढं नीट केलं तर तीच सायकल, तोच माणूस, अन् मूलहून सावली गावाला जाऊन येतो तरी दम लागत नाही. यात सामान काही लागत नाही. एक पाना लागतो अन् पाहणारा डोळा लागतो. पाना माझा होता. डोळा वच्छलाचा. पाटीवर नाव मात्र माझं एकट्याचं आहे. ती पाटी रंगवताना मला सुचलं नाही, अन् तिनं कधी म्हटलं नाही.

आता हे आम्हाला कळलं कसं, ते सांगतो. हुशारीनं नाही कळलं. माझ्या विसरण्यानं कळलं.

आमच्याकडं बाईची सायकल म्हणजे सीट पार खाली. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, इतकी खाली. हे कुठं लिहिलेलं नाही. पण बाप सांगतो, सासू सांगते, नवरा सांगतो. "पाय टेकला पायजे बा, पडली-गिडली तं?" मीही तेच करत आलो. नवी लेडीज सायकल दुकानात आली की पहिलं काम, सीट ठोकून तळाला घालायची. किती बायांच्या घातल्या, मोजदाद नाही. पहिली घातली ती माझ्या बायकोच्या सायकलची.

ती वीस वर्षं त्याच सायकलवर रोवणीला गेली, कापणीला गेली, सावलीकडं तिच्या भावाच्या गावाला गेली. संध्याकाळी आली की मोहाच्या बियांचं तेल कोमट करून गुडघे चोळत बसायची. मी सायकलवाला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या सायकली पाहतो, अन् घरात बाई गुडघे चोळते. मी म्हणायचो, "वय झालं तुझं." तेव्हा ती चाळीसचीही नव्हती.

एकदा दवाखान्यातल्या नर्सबाईंची सायकल माझ्याकडं उघडून पडली होती. त्यांना अर्ध्या दिवसासाठी मी वच्छलाची सायकल दिली. बाई उंच होत्या, म्हणून सीट चार बोटं वर घेतली. सायकल परत आली. सीट खाली करायची मी विसरलो. दुसऱ्या दिवशी वच्छला तशीच ती घेऊन भावाकडं गेली अन् रोजच्यापेक्षा कितीतरी आधी परत आली. सायकल झाडाला टेकवली अन् माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अजी, काल सायकलले काय केलं तुम्ही?"

"काई नाई. काऊन?"

"मंग हलकी कशी चालून राह्यली? चाकातले छर्रे बदलले का?"

"नाई."

"तेल?"

"नाई म्हटलं ना."

मी उठून पाहिलं तर सीट चार बोटं वर. मी ओरडलो, "अवो, पाय टेकले नसन तुझे! पडली कशी नाई?"

"थांबताना सीट सोडून खाली उतरली," ती म्हणाली. "बसून कायले थांबते कोणी?"

मी चाळीस वर्षांत सायकलबद्दल जे शिकलो त्यात याच्यापेक्षा मोठी गोष्ट नाही. बसून कायले थांबते कोणी. सीट ही चालवताना बसायची जागा आहे. थांबताना पुढं सरकून उतरायचं, एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. लेडीज सायकलला मधला दांडा नसतो, मग तर आणखीच सोपं. थांबतानाच्या दोन क्षणांसाठी आम्ही बायांना सारा रस्ता वाकलेल्या गुडघ्यानं चालवायला लावत होतो.

तिनं सीटखालच्या दांड्यावर चार बोटं धरून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे वीस वर्ष माझे गुडघे तुमच्या त्या चार बोटांनी खाल्ले."

त्या सायकलची सीट मी पुन्हा खाली केली नाही.

त्यानंतर मला भूत चढलं. येईल त्या बाईची सीट मी वर करायला लागलो. कोणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, सीट वर अन् नट पक्का. एक अंगणवाडीच्या बाई होत्या, साध्या, भित्र्या. त्यांचीही केली. बाजाराच्या दिवशी त्यांच्या आडवी बकरी आली. बाईंनी ब्रेक दाबला अन् जन्माच्या सवयीनं बसल्या बसल्या पाय खाली सोडला. पाय टेकला नाही. सायकलसकट आडव्या झाल्या. मनगट मोडलं. त्यांचा नवरा दुकानावर आला अन् रस्त्यावरून ओरडला, "भाऊ, तुम्ही सायकली दुरुस्त करता का बायका पाडता?"

बरोबरच बोलला. मी सीट वर केली, पण उतरायचं कसं ते शिकवलं नाही.

आम्ही दोघं केळी घेऊन त्यांना पाहायला गेलो. येताना वच्छलानं रस्त्यात ठरवून टाकलं. "आजपासून बाई-पोट्टीचं माप मी घेईन. तुम्ही पाना धरा. अन् तिनं एक चक्कर मारल्याबिगर नट कसायचा नाई. आपल्याले बराबर दिसलं म्हणून तिले बराबर लागनच असं नाई."

नियम असा आला. लोक समजतात माझा आहे.

ती शिकवायची कशी ते ऐका. बाई आली की आधी बोलत बसायची. गाव कोणतं, रस्ता कसा, वर काय बांधून नेता. मग म्हणायची, "जा, मिलपर्यंत जाऊन ये." बाई जाऊन यायची तोवर हिचं सगळं पाहून झालेलं असायचं. मग टाच पायडलवर ठेवून सीट लावायची. टाचेनं पाय सरळ होतो, म्हणजे चवड्यानं चालवताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. तेवढाच पाहिजे. बहुतेक जण पायडल तळव्याच्या मधात धरतात, म्हणजे घोटा मेलेला. चवडा ठेवायचा. अन् पायडल दाबायचं नाही, फिरवायचं. हे कोणाला पटकन कळत नाही. वच्छला म्हणायची, "जातं ढकलता का? जातं ओढून आणा लागते, तवा गोल फिरते. तसाच पाय." जुन्या बायांना एका वाक्यात कळायचं. नंतर नंतर पोरी आल्या त्यांना जातंच माहीत नाही. एक पोरगी म्हणाली, "मावशी, आमच्याकडं मिक्सर आहे." वच्छला म्हणाली, "मंग बटन दाबून जाय गावाले."

पुरुषमाणसांची सायकल आली तर ती पुढं यायची नाही. आतून बोलायची. बँकेतले एक साहेब नवीन बदलून आले होते. महाग गिअरची सायकल, अंगाला चिकटलेली चड्डी, डोक्यावर हेल्मेट. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "काका, जरा प्रायव्हेट आहे."

"बोला."

"सायकल चालवली की सुन्न होतं. मुंग्या येतात."

"पायाले?"

"पायाला नाही हो."

मी विचारात पडलो. तेवढ्यात आतून, भाताच्या वाफेतून आवाज आला. "अजी, त्यायच्या सीटचं नाक वरतं असन. खाली करून द्या."

साहेब लाल झाले. नागपूरहून नवी भारी सीट मागवणार होते. मी सीटवर एक पट्टी ठेवली, पट्टीवर बेअरिंगचा छर्रा ठेवला. छर्रा मागं पळाला. सीट सपाट केली, छर्रा थांबला. हँडलला पोचायला साहेब पार लांब झोपत होते, म्हणून सीट बोटभर पुढं घेतली. आठ दिवसांनी आले अन् बाहेरूनच म्हणाले, "मावशींना सांगा, आता बरं आहे." वच्छला मला म्हणाली, "काय बरं आहे ते इचारू नका."

आता एक दुसरं गिऱ्हाईक सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. चामोर्शीकडं खेड्यांत डाक वाटणारे एक बाबा होते. मूलमध्ये मुलीकडं आले की माझ्याकडं सायकल दाखवायचे. एका साली म्हणाले, "देवाजी, सायकल जड लागून राह्यली गा." मी हवा पाहिली, ब्रेक पाहिला. सीट पाहिली, बरोबर होती. महिन्याभरात ते तीनदा आले, मी तीनदा सायकल उघडली. तिसऱ्यांदा वच्छला पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली, बाबांकडं पाहिलं अन् मला बाजूला घेऊन म्हणाली, "सायकल सोडा. माणूस पाहा. पाणी पितानाही दम खाऊन राह्यले ते. दवाखान्यात धाडा." बाबांचं हृदयाचं दुखणं निघालं. वेळेवर इलाज झाला, पुढं बरीच वर्षं जगले. सायकलला काही झालंच नव्हतं.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्याच दुकानात.

आता प्रणालीचं. मूलपासून नऊ किलोमीटरवर तिचं गाव, मधात जंगलाचा तुकडा. त्या जंगलात वाघ आहे हे आमच्याकडं कोणी नवल म्हणून सांगत नाही, फक्त वेळ सांगतात. पाचच्या आत जंगल ओलांडायचं अन् एकटं ओलांडायचं नाही. त्या गावच्या पाच पोरी बारावीला मूलमध्ये यायच्या, जथ्यानं यायच्या, जथ्यानं जायच्या. चौघी पुढं निघून जायच्या अन् प्रणाली मागं राहायची. त्या थांबायच्या, पण थांबून थांबून त्यांनाही भीती. एक दिवस त्याच तुकड्यात रस्त्याला लागून एक गाय मारलेली सापडली. मग त्या पोरींच्या घरच्यांनी सांगितलं, आता कोणी कोणासाठी थांबणार नाही.

प्रणालीचा बाप तिला घेऊन दुकानावर आला. धानाची शेती करणारा, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "भाऊ, बाकीच्या पोट्ट्यायले कोणत्या तोंडानं सांगू का माझ्या पोरीसाठी जंगलात थांबा म्हणून? गिअरची सायकल घेणं माझ्यानं होत नाई. तुमच्यानं काई होत असन तं करा. उद्या संध्याकाळी मी जंगलाच्या तोंडाशी उभा राह्यतो. मागं राह्यली तं शाळा बंद."

पोरगी खाली पाहून उभी होती. बापासमोर रडायचं नाही असं ठरवून आलेली दिसत होती.

वच्छलानं तिला मिलपर्यंत पाठवलं. सीट तळाला, गुडघे बाहेर फेकलेले, तळव्याच्या मधात पायडल. "बेडकावानी चालवून राह्यली," वच्छला म्हणाली. मग बापाला, "सीट वरतं करा लागते."

"नाई बाई. पाय टेकला पायजे."

"भाऊ, उकिडवे बसा बरं."

"काय?"

"बसा तं."

तो बसला.

"आता तसेच त्या झाडापर्यंत चाला. उठायचं नाई."

तो तीन पावलं चालला, चौथ्याला हात टेकले.

"तुमची पोट्टी असं नऊ किलोमीटर येते," वच्छला म्हणाली. "अन् असंच नऊ किलोमीटर जाते."

बाप उठला, धोतर झटकलं. मग म्हणाला, "करा काय करता ते."

प्रणालीच्या सायकलच्या पायडलच्या दांड्यातही गडबड होती, ते सामान आणायला मला जावं लागलं. तेवढ्या वेळात वच्छलानं पोरीला आपल्या स्वतःच्या सायकलवर बसवलं. दोघींची टांग सारखी असल्याचं तेव्हाच दिसलं. मिलच्या बाजूच्या मोकळ्या जागेत ती पोरीच्या मागं मागं फिरत होती. "सीट सोड! आधी सीट सोड, मंग ब्रेक!" मी सामान घेऊन आलो तेव्हा दोघी हसत होत्या. वच्छला एका हातानं झाड धरून उभी होती अन् तिला बोलायला थोडा वेळ लागला. मला वाटलं, हसण्यानं.

मग बाप गावाला गेला, पोरगी रात्रीपुरती मावशीकडं. मी सायकल जोडली. अन् मग ते, जे सुरुवातीला सांगितलं.

त्या पोरीचं सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जंगलाच्या तोंडाशी तिचा बाप उभा होता. पाचही पोरी सोबत आल्या. ती पुढं नव्हती अन् मागंही नव्हती. मधात होती. तिच्या बापानंच मला नंतर सांगितलं, घरी भेटायला आला तेव्हा. पोरगी बारावी झाली. आता गडचिरोलीला नर्सिंग शिकते.

आता जे लिहायला हात उचलत नाही ते.

त्याच्या आधी महिना-दीड महिना वच्छला मला म्हणत होती, "सायकल जड लागून राह्यली जी." ती बाजारात जायची, परत येताना कालव्याचा लहानसा चढ आहे. आधी बसल्या बसल्या चढायची. आता उतरून हातात घेऊन येत होती. "जड लागून राह्यली. पाहून ठेवजा."

मी पाहिली. हवा भरली. चेनला तेल दिलं. मागच्या चाकाचे छर्रे बदलले. ब्रेकचं रबर घासत नव्हतं तरी सरकवलं. सीट पाहिली. ती तर आम्ही दोघांनी मिळून लावलेली होती, तिला काय होणार? आठ दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा सायकल उलटी केली.

चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला मी ऐकवलं, सायकल जड नाही, तू पाहा तुझ्याकडं. डाकवाल्या बाबांच्या वेळी तिनं माझ्यासमोर दाखवून दिलं. अन् माझ्या घरातली बाई दोनदा म्हणाली तर मी दोन्ही वेळा पाना हातात घेतला. डॉक्टर नंतर म्हणाले, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, नसतंही आलं. ते 'नसतंही' त्यांनी माझ्यासाठी म्हटलं, एवढं मला कळतं.

डाकवाल्या बाबांचा दम तिला दिसला. तिचा पाहायला मी होतो.

आता सकाळचं.

रोज पाचला ती उठायची, चुलीचा आवाज यायचा, त्यानं मी उठायचो. त्या दिवशी आवाज आला नाही. मी हात लावला तेव्हा कळलं. शेजारच्यांना उठवलं. डॉक्टर येऊन पाहून गेले. बाया आल्या. मुलगा पुण्याला, त्याला यायला रात्र होणार होती, तोवर काही करायचं नव्हतं. तिला मधल्या खोलीत ठेवलं, पांढरं पांघरलं. मी अंगणात माणसांमध्ये बसलो. कोणी काय बोलत होतं ते आठवत नाही.

सातच्या सुमाराला दुकानासमोर प्रणाली दिसली. पाठीला दप्तर. दाराशी गर्दी पाहून कडुलिंबाखाली थबकली होती.

मी उठलो.

"देवाजी, कुठी चालला गा?" शेजारचे म्हातारबा म्हणाले.

"दुकानात."

"आता? येडा झाला काय?"

"पोट्टीच्या सायकलचा नट ढिल्ला आहे."

कोणी हात धरला, मी सोडवला. ते मला आठवतं. दुकान उघडलं, सायकल बाहेर काढली. प्रणाली म्हणाली, "बाबाजी, काकू कुठी आहे? इतके लोक काऊन आले?"

"बस."

"काकू..."

"बस म्हटलं ना. टाच ठेव."

ती बसली. आजवर कोण्या पोरीच्या मागं मी उभा राहिलो नव्हतो, ती वच्छलाची जागा. मी कॅरिअर धरलं. पोरीनं पाय खाली नेला. गुडघा सरळ झाला.

"मिलपर्यंत जाऊन ये."

ती गेली. मी झाडाशी उभा राहिलो. सगळे अंगणातून माझ्याकडं पाहत होते. ती परत आली, सीट सोडली, ब्रेक दाबला, एक पाय जमिनीवर. शिकवलं तसंच. तोपर्यंत तिला कळलं होतं, रस्त्यात कोणीतरी सांगितलं असेल. डोळ्यांतून पाणी वाहत होतं अन् हँडल घट्ट धरलेलं होतं.

"कसं लागते?" मी विचारलं. "खाली? वर?"

"बराबर आहे."

"नीट सांग. नट कसला का मग हलणार नाई."

"बराबर आहे बाबाजी. एकदम बराबर."

मी दांड्यावरची रेघ पाहिली. सीट रेघेवरच होती. सुतभर हलवायची गरज पडली नाही. पाना लावला अन् नट कसला. एकदा कसला, मग पुन्हा एकदा.

"मी आज शाळेत नाई जात," ती म्हणाली.

"संध्याकाळी तुझा बाप जंगलाच्या तोंडाशी उभा राह्यणार आहे," मी म्हटलं. "जाय."

ती गेली. मिलच्या वळणापर्यंत दिसली. चवडा पायडलवर होता, गुडघे आत होते.

मी दुकान बंद केलं. अंगणात मोरीवर बसलो, राख घेतली अन् हात घासले. मग साबण लावला. नखांत काळं राहिलं होतं, पुन्हा राख घेतली. माणसं म्हणत होती, राहू दे देवाजी, चाल आता आत. काळे हात घेऊन घरात आलेलं तिला चालत नव्हतं. मी तिसऱ्यांदा हात धुतले, पंच्याला पुसले, अन् आत जाऊन तिच्याजवळ बसलो.